७ नोव्हेंबर : शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ

आमच्या विहारात अभ्यासासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याची प्रथा आम्ही काही वर्षांपासून पाळीत आलो आहोत. १४ एप्रिल, २० मार्च, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या तारखांना कोठे शोधावे लागत नाही. त्या आपल्या घराघरांत पाठ आहेत. इतर दिवशी मात्र कॅलेंडरचे मागचे पान, जुनी वर्तमानपत्रे आणि हल्ली मोबाईलवर फिरणारा मजकूर यांवरच भागवावे लागते. अशाच एका ७ नोव्हेंबरला फळ्यावर आम्ही लिहिले होते, "आजच्या दिवशी १९०० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला." ते वाचून आठवीतील एका मुलाने विचारले, "शाळेत तर सगळेच जातात. मग यात विशेष काय?"

प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता. आम्ही त्या वेळी घाईघाईने काहीतरी उत्तर दिले, परंतु ते आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एका तारखेविषयी सविस्तर लिहावे असे ठरविले.

प्रथम ही गोष्ट लक्षात घ्यावी की, वर्षाच्या कोणत्याही दिवशी जगात काही ना काही घडलेलेच असते. ७ नोव्हेंबर हीच तारीख घ्या. १८६२ साली याच दिवशी दिल्लीचा शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला इंग्रजांच्या कैदेत मरण पावला. १८६७ साली याच दिवशी पोलंडमधील वॉर्सा येथे मारी क्युरी यांचा जन्म झाला. त्या काळी तेथील विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून त्यांना काही शिक्षण चोरून भरणाऱ्या वर्गांत घ्यावे लागले. पुढे १८९१ साली त्या पॅरिसला गेल्या आणि १९०३ व १९११ अशी दोन वेळा नोबेल पारितोषिके त्यांनी मिळविली. (१८९१ हेच बाबासाहेबांचे जन्मवर्ष, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) १८८८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन तिरुचिरापल्ली येथे जन्मले. गंमत अशी की, आपल्या देशात विज्ञान दिन पाळतात तो रामन यांच्या जन्मदिवशी नव्हे, तर २८ फेब्रुवारीला, म्हणजे १९२८ साली त्यांचा शोध ज्या दिवशी हाती आला त्या दिवशी. माणूस जन्मला तो दिवस मोठा, की त्याच्या हातून काही घडले तो दिवस मोठा, हा प्रश्न आम्हाला यात दिसतो. पुढे त्याचा उपयोग होईल.

आणि रशियाची क्रांती! १९१७ साली बोल्शेविकांनी पेट्रोग्राड शहरात सत्ता हाती घेतली ती ७ नोव्हेंबरला. तरी सारे जग तिला 'ऑक्टोबर क्रांती' म्हणते. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. त्याचे कारण असे की, रशियात त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना चालत असे आणि ती इतर युरोपच्या तेरा दिवस मागे होती. इतरत्र ७ नोव्हेंबर उजाडला तेव्हा रशियात २५ ऑक्टोबर होता. पुढे १९१८ साली नवीन सरकारने कालगणना बदलली. त्या वर्षी रशियात ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी आला. मधले तेरा दिवस कोणाच्याच वाट्याला आले नाहीत.

हे ऐकून हसू येईल, परंतु आपलीही गोष्ट फार वेगळी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या दिवशी विजयादशमी होती. तेव्हापासून आपल्यात कोणी तारीख पाळतात, कोणी तिथी पाळतात आणि दीक्षाभूमीवरील मोठी गर्दी दसऱ्याला होते. बुद्धपौर्णिमा तर तिथीनेच येते. कधी एप्रिलअखेर, कधी मे महिन्यात. सांगावयाचा मुद्दा असा की, तारीख ही आकाशातून पडत नाही. कोणीतरी ती मोजतो, कोणीतरी लिहून ठेवतो आणि कोणीतरी ती पाळावयाची असे ठरवितो. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांच्या तारखा राहिल्या. ज्यांच्या हाती नव्हती, त्यांचे दिवस गेले.

याचा पुरावा आपल्या घरातच सापडेल. आमच्या वडील पिढीतील मंडळींचे दाखले काढून पाहा. निम्म्याहून अधिकांची जन्मतारीख १ जून निघेल. आई सांगायची, "मोठा पाऊस झाला त्या साली," किंवा "थोरलीचं लग्न झालं त्याच्या आदल्या सुगीला." एवढ्यावरून गुरुजींनी वय अंदाजाने धरावे आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून टाकावे, अशी ती पद्धत. त्यात गुरुजींचा दोष नाही. घरात लिहिणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांची तर तीही एक ओळ कोठे नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ.

सरकारी शाळेचे दार अस्पृश्यांच्या मुलांना कसे होते, हे समजण्यासाठी साताऱ्याच्या अगोदर धारवाडला जावे लागते. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यातच होते. जून १८५६ मध्ये तेथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला व तो नाकारला गेला. त्याने सरकारकडे दाद मागितली. मुलाची मागणी न्यायाला धरून आहे, हे सरकारला कबूल करावे लागले. पण एका मुलासाठी इतर सारे विद्यार्थी शाळा सोडून जातील, या भीतीने सरकारने हात आखडला. पुढे वरिष्ठांनी कानउघाडणी केली आणि १८५८ साली सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर झाले. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात वर्गात कोणी कोठे बसावे, पाणी कसे प्यावे, हे कागद ठरवीत नव्हता. ज्या मुलामुळे हे सारे घडले, तो या प्रकरणाच्या हकिकतींत बहुधा 'एक महार मुलगा' एवढाच येतो.

या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षे लोटल्यावर, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, बुधवारी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. ही शाळा राजवाड्यात भरत असे. आज ती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. रजिस्टरात १९१४ या अनुक्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे आणि तेथे लहानग्या भिवाची स्वाक्षरीही आहे. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले आहे. प्रवेश होता इंग्रजी पहिलीचा. आजच्या विद्यार्थ्यांना हे सांगावे लागते की, त्या काळी मराठी चार इयत्ता झाल्यावर इंग्रजी पहिली सुरू होई. म्हणजे ती आजची पाचवी. मराठी शाळा गावोगावी असल्या तरी इंग्रजीची पायरी चढणारा मुलगा विरळाच असे, कारण कचेरी, कोर्ट आणि कॉलेज या साऱ्यांची वाट तेथून पुढे जात होती.

आपण कडेगावकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता. कडेगाव हे खानापूर तालुक्यातील गाव आणि तालुका सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कडेगाव स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे १९०० साली साताऱ्याची ती शाळा आपल्याच जिल्ह्याच्या गावची शाळा होती. बाबासाहेबांचे नाव घेतले की महू, महाड, मुंबई, नागपूर ही गावे डोळ्यांपुढे येतात. त्यांचे शाळकरी वय मात्र आपल्या या मुलखात गेले, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते.

भिवाच्या घरी विद्येला मान होता. सुभेदार रामजी हे सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. येथेच भीमाईंचे निधन झाले आणि मुलांचा सांभाळ आत्याकडे आला. रामजीबाबा पहाटे मुलांना उठवून अभ्यासाला बसवीत, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके घोटून घेत. एवढी तयारी ज्या मुलाच्या पाठीशी होती, त्याला शाळेत काय मिळाले? ते बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बसावयास वेगळे गोणपाट. तेही घरून आणावयाचे आणि घरी न्यावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जात. भिवाला परवानगी पुरत नसे. शिपायाने येऊन नळ सोडावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. घरी धोबी कपडे धूत नसे, ते काम बहिणींकडे. न्हावी केस कापीत नसे, तेही काम बहिणीच करीत.

त्याच शाळेत आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी भिवाला देत. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे मोठ्या प्रेमाने सांगितली. गोलमेज परिषदेच्या वेळी या गुरुजींचे पत्र आले, ते त्यांनी जपून ठेवले होते. बाबासाहेबांच्या आडनावाबद्दल आंबडवे गाव आणि हे गुरुजी अशा दोन कथा सांगितल्या जातात. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. भाकरी देणारा हात आणि नळ न सोडणारा हात एकाच शाळेत होते, एवढे मात्र विद्यार्थ्यांनी पाहावे.

शाळेत दाखल झाल्यानंतरच्या उन्हाळ्याची, म्हणजे १९०१ सालची हकिकत तर आपल्या अगदी उंबऱ्याजवळची आहे. दुष्काळ पडला होता. लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलाव खोदण्याचे काम काढले होते व रामजीबाबा तेथे खजिनदार म्हणून नोकरीस होते. सुट्टी लागली तेव्हा त्यांनी मुलांना बोलावून घेतले. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चौघे नवे कपडे घालून आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. मसूर म्हणजे आपल्या शेजारच्या कराड तालुक्यातले. कडेगावहून कराडला जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी ते स्टेशन पाहिलेले असेल.

मुलांनी येण्याचे पत्र पाठविले होते, पण नोकराच्या विसरभोळेपणामुळे ते रामजीबाबांना मिळालेच नाही. न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर चांगल्या कपड्यांतील मुलांची प्रेमाने चौकशी करीत होता. तोवर सारे ठीक होते. जात विचारली, मुलांनी भाबडेपणाने खरी सांगितली, आणि त्याचा चेहरा पालटला. भाड्याचा गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे द्यावयाचे, गाडी मुलांनी हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे, असे ठरले. बरोबर जेवण होते, पण पाणी नव्हते. रात्री एका जकात नाक्याजवळ थांबावे लागले. मुसलमान असल्याचे सांगितलेत तर पाणी मिळेल, असा सल्ला मिळाला. तसे सांगूनही नाकेदाराने पाणी दिले नाही. चौघे मुलगे उपाशी झोपले. अन्न होते, पण पाण्यावाचून घशाखाली उतरणार कसे?

ही मुले शाळेत जाणारी होती. त्यातला एक इंग्रजी शिकत होता. रजिस्टरात त्याचे नाव होते. त्या नावाने स्टेशनवर काही काम केले नाही, हे खरेच. मग त्या आठवीतल्या मुलाने विचारले तसे पुन्हा विचारता येईल की, शाळेतल्या त्या ओळीत विशेष काय?

आम्हाला यावर असे वाटते. मसूरच्या रात्रीसारख्या रात्री त्या काळी हजारो मुलांनी काढल्या असतील. त्यांतली एक रात्र आपल्याला स्टेशनच्या नावासह, सालासह, भाड्याच्या ठरावासह माहीत आहे. ती माहीत आहे याचे कारण, त्या चौघांपैकी एकाने पुढे ती लिहिली. धारवाडच्या मुलाजवळ अर्ज होता. साताऱ्याच्या मुलाजवळ लेखणी राहिली. ती लेखणी त्याच्या हातून कोणी काढून घेऊ शकले नाही, याची सुरुवात ७ नोव्हेंबरच्या त्या नोंदीत आहे. शाळेने त्याला गोणपाटावर बसविले, तरी वर्गात बसविले. तेवढ्या फटीतून तो पुढे गेला.

केवढा पुढे गेला, ते आपण जाणतोच; येथे थोडक्यात सांगतो. १९०४ पर्यंत तो साताऱ्यास शिकला. मग कुटुंब मुंबईला गेले. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. १९१२ साली बी. ए., १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, १९२३ साली डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. आणि स्वतः शिकल्यावर इतरांसाठी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय. गोणपाट घरी नेणाऱ्या मुलाने कॉलेजे काढली.

आपल्या भागात शिक्षणाची आणखी एक वाट याच सुमारास उघडत होती, तिचाही उल्लेख केला पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत. भिवाने गोणपाटावर बसून शिकलेल्या त्याच गावात, पंचवीस वर्षांच्या आत, हे घडत होते. आमच्या संस्थेतील काही ज्येष्ठ सभासद 'रयत'च्या शाळांमधूनच शिकून बाहेर पडलेले आहेत.

७ नोव्हेंबरची आणखी एक नोंद आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. १९०५ साली, भिवाच्या शाळाप्रवेशानंतर बरोबर पाच वर्षांनी, याच तारखेला कवी केशवसुत हुबळी येथे वारले. वय अवघे एकोणचाळीस. पोटासाठी ते शाळामास्तर होते; अखेरची नोकरी धारवाडला, ज्या धारवाडात १८५६ चा तो मुलगा शाळेच्या दारावरून परतला होता. केशवसुतांची 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या नावाची कविता आहे. आपल्या सावलीचाही विटाळ मानला गेल्यावर एक लहान मूल आईजवळ येऊन असे का म्हणून विचारते, असा तिचा विषय. कवीने ती लिहिली तेव्हा साताऱ्याचा भिवा अजून शाळेत गेला नव्हता. कवितेतले मूल प्रश्न विचारते आणि आईजवळ उत्तर नसते. ही कविता पाठ्यपुस्तकांत फारशी भेटत नाही. विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातून मागून घेऊन वाचावी.

हा दिवस साजरा कसा होऊ लागला, तेही सांगितले पाहिजे. साताऱ्यातील कार्यकर्ते तो 'शाळा प्रवेश दिन' म्हणून अनेक वर्षे पाळीत होते. त्यांनी शासनदरबारी पाठपुरावा केला. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा राज्यभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. रजिस्टरातली ओळ एकशे सतरा वर्षांनी दिनविशेषात आली ती अशी, आपोआप नव्हे. येथे एक सावधगिरीची सूचना. १७ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन आहे. १९३९ साली त्या दिवशी नाझींनी प्रागमधील विद्यार्थ्यांवर छापे घातले, नऊ जणांना ठार मारले व तेथील विद्यापीठे बंद केली, त्याची ती आठवण. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, तो आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन. मोबाईलवरच्या मजकुरात या तिन्हींची नेहमी सरमिसळ होते. एकदा आमच्याही फळ्यावर ती झाली होती, आणि ती चूक सातवीतल्या एका मुलीने दाखवून दिली. तेव्हापासून फळ्यावर लिहिण्याचे काम तिच्याकडेच आहे.

येत्या ७ नोव्हेंबरला विहारात नेहमीप्रमाणे वंदना झाल्यावर विद्यार्थ्यांचा एक छोटा कार्यक्रम घेण्याचे आम्ही योजिले आहे. भाषणे नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातून शाळेत गेलेल्या पहिल्या माणसाचे नाव शोधून आणावयाचे आहे: आजोबा असोत, आजी असो, पणजोबा असोत. शाळा कोणती, इयत्ता कोणती, साल कोणते, बसावयास जागा कोठे होती, पाणी कोण देत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीच्या एका पानावर लिहावे. शाळेचा जुना दाखला सापडला तर उत्तमच, झेरॉक्स चालेल. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असली तर तिच्याखाली आजीने सांगितलेला पाऊस किंवा सुगीही लिहावी. ही सर्व पाने एकत्र बांधून संस्थेच्या कपाटात ठेवण्यात येतील.